दोघांनी पाहिलेला देवमासा

लाल दिवा लागलेला असताना आमच्या खोलीचं दार उघडायचं नाही, हे गावातल्या मांजरांनासुद्धा ठाऊक आहे. त्याला ठाऊक नव्हतं.

खोली म्हणजे धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्याचा माळा. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, मध्ये एक टेबल, टेबलावर मायक्रोफोन आणि टेलिफोन, आणि खाडीकडे उघडणारी एकुलती एक खिडकी. गावाचं रेडिओ केंद्र ते एवढंच. रोज सकाळी मी इथून हवामान सांगते. वारा कुठला, भरती कधीची, धुकं किती. मग लोक फोन करून कोणाला काय दिसलं ते कळवतात. घुबड, कासव, कोल्हा, थंडीसाठी लांबून आलेले पक्षी... जे दिसेल ते. हिवाळा लागला की आमच्याकडे गावकऱ्यांपेक्षा पाहुणेच जास्त असतात.

त्या सकाळी धुकं इतकं दाट उतरलं होतं की खिडकीबाहेर काही उरलंच नव्हतं. “वारा उत्तरेचा,” मी सांगत होते, “गार आणि हट्टी. आज कानटोपी घालायला लाजू नका. या धुक्यात कोण बघणार आहे तुम्हाला—”

दार धाडकन उघडलं.

दारात एक उंच माणूस. कोटावरून पाणी निथळत होतं, केसांत धुक्याचे थेंब अडकले होते, आणि डोळे... त्या डोळ्यांचं काय सांगू? पहिल्यांदा समुद्र पाहिलेल्या लहान मुलाचे असतात ना, तसे ते डोळे होते. चांगल्या थोराड माणसाच्या चेहऱ्यावर मी असे डोळे कधी पाहिले नव्हते.

“देवमासा,” तो म्हणाला. “पिल्लासकट.”

मी हाताने लाल दिवा दाखवला. त्याने दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि समजूतदारपणे आवाज खाली आणला. कुजबुज मायक्रोफोनवर जास्तच स्पष्ट ऐकू जाते, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

“माफ करा. पण खरंच. खाडीच्या तोंडाशी. इतक्या जवळ की त्या आईचा श्वास माझ्या तोंडावर आला.”

“तुमच्याबरोबर दुसरं कोण होतं?”

“कोणी नाही. पहिली फेरी होती, बोट रिकामी.”

“मग नोंद धरता येणार नाही.”

“का?”

“आमचा नियम आहे. दोघांनी पाहिलेलं हवं.”

“म्हणजे एकट्याने पाहिलेलं खोटं असतं?”

“खोटं नसतं,” मी म्हटलं. “एकट्याचं असतं.”

“मग उद्या तुम्ही चला,” तो म्हणाला. अगदी सहज... दुकानात चला म्हणावं इतक्या सहज. आणि सगळं गाव न्याहारी करता करता ऐकत होतं.

टेलिफोन वाजायला लागला तो थांबेचना.

नियम माझ्या बाबांचा. बाबा बंदरावर सिग्नलचं काम करायचे, निवृत्त झाल्यावर त्यांनी हे केंद्र काढलं. अजूनही रविवारी तेच बोलतात. पूर्वी म्हणे एका नवरा-बायकोने फोन केला होता, किनाऱ्यावर मगर आली आहे म्हणून. गावाने दारं लावून घेतली. दुपारी ओहोटीला पाहिलं तर ओंडका. नवऱ्याने ओंडक्याला मगर म्हटलं आणि बायकोने हो ला हो केलं, संसारात करावं लागतं तसं. तेव्हापासून बाबांनी ठरवून टाकलं: पाहणारी माणसं दोन हवीत, आणि दोघं वेगवेगळ्या घरची हवीत. एका घरची दोन माणसं म्हणजे एकच माणूस. नोंद सांगितली की बाबा हटकून विचारणार, एका घरचे की वेगळ्या? उत्तर मिळालं की मगच ‘धरली’ म्हणणार. बेकरीवाल्या काकूंच्या गच्चीवर एका पायाचा कुरव पक्षी येतो, तीही नोंद बाबांनी तशीच अडवून ठेवली होती. शेवटी काकूंनी शेजारच्या शिंपीमामांना हातातल्या कात्रीसकट गच्चीवर नेलं, तेव्हा कुठे ती धरली गेली.

तर या गावात त्या माणसाने एकट्याने देवमासा पाहिला होता. तो फेरीबोटीचा नवा चालक. खाडीच्या या तीरावर गाव, पलीकडे सुताची गिरणी. सकाळी पहिली बोट इथून रिकामी जाते आणि रात्रपाळीच्या कामगारांना घेऊन परत येते. देवमासा दिसला तेव्हा याने भर पाण्यात इंजिन बंद केलं आणि नुसता बघत उभा राहिला. पलीकडे कामगार थंडीत कुडकुडत उभे. त्यांनी बोटीच्या मॅनेजरसाहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी विचारलं तर हा म्हणाला, देवमासा आडवा आला होता. साहेबांनी रेडिओ ऐकलेला होताच.

संध्याकाळपर्यंत गावात त्याचं नाव ‘देवमासा’ पडलं होतं. “काय देवमासा, आज काय दिसलं? मगर?” असं लोक धक्क्यावर विचारायचे. तो हसून मान हलवायचा. पण तेव्हापासून खाडीच्या तोंडाशी आला की तो बोट इतकी हळू करायचा की प्रवासी वैतागायचे. साहेबांनी त्याला सरळ सांगून टाकलं: तू अजून कायम झालेला नाहीस. पुढच्या रविवारपर्यंत तुझा देवमासा रेडिओवर आला तर मी स्वतः सगळ्या बोटी हळू चालवायचा हुकूम काढतो. नाही आला, तर सुकाणू सोड आणि आलास तसा जा.

हे मला दोन दिवसांनी काकूंनी पाव बांधून देता देता सांगितलं. वर म्हणाल्या, “एवढा तुझ्या तोंडावर चला म्हणाला, आणि तू नियम सांगत बसलीस. नियमाशी लग्न करणार आहेस का?”

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी धक्क्यावर उभी होते. हे फक्त केंद्राच्या कामासाठी, हे मी स्वतःला दोनदा बजावलं होतं.

तो दोर सोडत होता. मला पाहून हातातला दोर तसाच राहिला.

“नियम आला,” तो म्हणाला.

“नियम पाहायला आलाय. बोलायला नाही.”

“बरं. मग आत या, बाहेर उभं राहून नियमाला सर्दी होईल.”

सुकाणूची खोली म्हणजे दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास कुठे घ्यावा हा प्रश्न पडावा, एवढीशी. काचा वाफेने धुरकटलेल्या. खिळ्याला लोकरी मफलर, कोपऱ्यात चहाचा थर्मास, आणि काचेखाली चिकटपट्टीने लावलेला एक छोटा रेडिओ. तो आमच्याच केंद्राला लावलेला होता.

“तुम्ही ऐकता?”

“इथे आलो तेव्हा गावात ओळखीचं कोणीच नव्हतं,” तो समोर बघत म्हणाला. “सकाळी हा आवाज तेवढा यायचा. स्वेटर घाला म्हणायचा, मी घालायचो. छत्री घ्या म्हणायचा, घ्यायचो. आईनंतर इतक्या काळजीने मला कोणी सांगितलं नव्हतं.”

“ते मी सगळ्या गावाला सांगते.”

“ते मला नंतर कळलं,” तो म्हणाला, आणि मला नको असताना हसू आलं.

खाडीच्या तोंडाशी त्याने इंजिन बंद केलं. या वेळी साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं. रविवारपर्यंत रोज थोडं थांबायची त्यांनी परवानगी दिली होती, कुरकुरत. आणि मग... इंजिन थांबल्यावर जे सुरू झालं त्याला शांतता म्हणायची का, मला सांगता येत नाही. मी आयुष्यभर या पाण्याच्या काठावर राहिले. रोज त्याची बातमी सांगते. पण त्याच्या मधोमध, धुक्यात, काही न करता मी कधी उभी राहिले नव्हते. बोटीच्या अंगाला पाणी हलकेच लागत होतं. कुठून तरी पक्ष्याची एक हाक आली, मग दुसरी, मग डोक्यावरून पंखांचा सरसर आवाज जायला लागला. आकाश दिसत नव्हतं, पक्षी दिसत नव्हते. नुसता आवाज, एवढा की संपेचना.

“राजहंस,” मी हळूच म्हटलं. “उत्तरेकडून आले. दर वर्षी याच दिवसांत येतात.”

“रात्रभर उडत असतील?”

“कित्येक रात्री.”

तो मान वर करून उभा होता, तोंड किंचित उघडं. मी पक्ष्यांकडे बघायच्या ऐवजी त्याच्याकडे बघत होते, हे माझ्या जरा उशिराने लक्षात आलं.

देवमासा आला नाही. पण त्या सकाळी मी रेडिओवर सांगितलं, “राजहंसांचा पहिला थवा. पाहणारे दोघं, फेरीबोटीवरून, वेगळ्या घरचे.” लगेच फोन. काकू. “ती दोघं कोण गं?” मी म्हटलं, “काकू, नोंदीत नावं सांगत नाहीत.” त्या म्हणाल्या, “अस्सं. मग मी आपली अंदाज लावते.”

मी रोज जायला लागले. रोज काहीतरी दिसायचं, आणि रोज जे हवं ते दिसायचं नाही. एका सकाळी पाणमांजरांचं कुटुंब धक्क्याच्या पायऱ्यांवर मासे फोडत बसलेलं. एकदा दोन डॉल्फिन बोटीच्या नाकापुढे खेळत पलीकडच्या तीरापर्यंत सोबत आले. एकदा नुसतंच धुकं, पण त्याच्या आत सूर्य असा उगवला की सगळं धुकं आतून केशरी झालं, आणि आम्ही दोघं त्या रंगात उभे... आपले हातसुद्धा आपले वाटेनात. थर्मासच्या एकाच झाकणातून आम्ही आळीपाळीने चहा प्यायलो, आणि हे कधीपासून सुरू झालं ते दोघांनाही आठवेना.

रोज सगळं मी रेडिओवर सांगायची. “पाहणारे दोघं.” गावात माझं बोलणं लोकांना पाठ झालं. शिंपीमामा बाबांना म्हणाले, “या वर्षी थंडी काही औरच आहे. रोज दोघांनाच दिसतंय सगळं.” बाबांनी पेपर वर धरला. पेपरच्या मागे ते हसत होते की नाही, ते मला दिसलं नाही.

शनिवारी परत येताना त्याने थर्मास उघडलाच नाही.

“उद्या शेवटचा दिवस,” मी म्हटलं.

“हो.”

“तुम्ही हळू चालवणं सोडून दिलं तर? साहेब कदाचित ठेवतील तुम्हाला.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण तसं त्याने आधी कधी माझ्याकडे बघितलं नव्हतं. “पिल्लू लहान आहे हो. बोट आली तर बाजूला व्हायचं असतं, हे त्याला अजून कळत नाही. आईच्या पाठीवर चढून बसतं. मी जोरात गेलो आणि...” तो थांबला. “नोकरी दुसरी मिळेल.”

“पण दुसऱ्या गावाला.”

“हो. दुसऱ्या गावाला.”

मग त्याने बराच वेळ सुकाणू उगाच इकडेतिकडे केलं. “तिथे हा रेडिओ लागत नाही,” तो म्हणाला.

रात्री मला झोप लागली नाही. नियम मोडावा असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. कोणाला कळणार होतं? सकाळी सांगायचं, दोघांनी पाहिला. तो काही नाही म्हणणार नव्हता. पण मला ठाऊक होतं, मी खोटं पाहिल्याचं सांगितलं तर त्याचं खरं पाहिलेलंसुद्धा ओंडका होऊन जाईल. ते मला त्याच्याशी करायचं नव्हतं.

रविवारी बाबांचा दिवस. मी उजाडायच्या आत बोटीवर होते. धुकं नव्हतं. थंडी मात्र अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती, आणि पाणी इतकं सपाट की त्यात चांदणी दिसत होती. खाडीच्या तोंडाशी त्याने इंजिन बंद केलं. आम्ही बाहेर कठड्याला टेकून उभे राहिलो.

काही नाही. फटफटायला लागलं. पलीकडच्या तीरावर गिरणीचे दिवे विझले. अजून काही नाही.

“चला,” तो म्हणाला. “लोक वाट बघत असतील.”

“थोडं थांबा.”

“थांबून काय—”

“ऐका ना. थांबा.”

आणि तेव्हा तो आवाज आला. आधी मला वाटलं, आमच्यामागे कोणीतरी मोठा सुस्कारा टाकला. मग कळलं की तो पाण्यातून आला. अंगावर बारीक दव पडल्यासारखं झालं, मासळीचा उग्र, खारा वास, आणि माझ्या समोर, हात लांबवला असता तर पोचला असता एवढ्यावर, पाणी उचललं गेलं.

पाणी उचललं गेलं असंच म्हणते मी, कारण आधी तसंच दिसलं. मग ते पाणी काळं झालं, आणि त्या काळ्याला पाठ होती, आणि ती पाठ संपेचना. हळूहळू, अजिबात घाई न करता, ती आमच्या बोटीच्या शेजारून वर येत राहिली. आमची बोट, जिच्यात अख्खी रात्रपाळी मावते, ती त्या पाठीशेजारी एखाद्या होडक्यासारखी झाली. भीती वाटत होती का? नाही. भीती छोटी असते. हे फार मोठं होतं.

मग पिल्लू वर आलं. छोटा श्वास, छोटा फवारा. ते आईच्या पाठीवर सरकलं, घसरलं, पुन्हा चढलं. कुठल्याही लेकराने चढावं तसं. आणि आई एका कुशीवर वळली. पाण्याखाली मला डोळा दिसला. एवढ्या प्रचंड अंगाला तो लहानसाच, शांत, आणि तो माझ्याकडे बघत होता. खरंच बघत होता. ती मला पाहत होती. मी आजवर गावाला रोज सांगत आले होते की कोणी काय पाहिलं; मलाही कोणी पाहत असेल हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, गालावर गरम, मग लगेच गार.

ती वळली. शेपूट वर आलं, रुंद, पाणी निथळत, उगवतीच्या उजेडात क्षणभर थांबलं, आणि आवाज न करता आत गेलं. पाण्यावर फक्त एक गुळगुळीत गोल उरला.

“तू पाहिलंस?” मी म्हटलं. “तू पाहिलंस ना?”

“पाहिलं,” तो म्हणाला. “आणि तू?”

आम्ही एकमेकांचे हात धरलेले होते. कधी धरले, कोणी आधी धरले, देव जाणे. आणि ‘तुम्ही’ कुठे गेलं तेही देव जाणे.

मी बोटीवरच्या फोनवरून केंद्राला फोन लावला. बाबांचं हवामान चाललं होतं, सुकाणूच्या खोलीतल्या छोट्या रेडिओवरही त्यांचा आवाज येत होता. त्यांनी फोन उचलला आणि नेहमीसारखा तो मायक्रोफोनला लावला. म्हणजे आता गाव ऐकत होतं.

“नोंद आहे,” मी म्हटलं. “देवमासा. पिल्लासकट. खाडीच्या तोंडाशी, आत्ता, या क्षणी. पाहणारे दोघं.”

बाबांनी नियमाप्रमाणे विचारलं, “एका घरचे की वेगळ्या?”

हा प्रश्न मी स्वतः हजारदा विचारला आहे. उत्तर काय द्यायचं ते मला ठाऊक होतं, त्याच उत्तरावर त्याची नोकरी होती. पण ते तोंडातून काढताना आत कुठेतरी कळ आली.

“वेगळ्या,” मी म्हटलं.

“धरली,” बाबा म्हणाले.

साहेबांनी शब्द पाळला. त्याच दिवशी हुकूम निघाला, खाडीच्या तोंडाशी सगळ्या बोटी हळू. गाव दुर्बिणी घेऊन धक्क्यावर लोटलं. शाळेची मुलं आली, गिरणीचे कामगार रात्रपाळीवरून परतताना झोप सोडून कठड्याला उभे राहायला लागले. ज्यांनी ‘काय देवमासा?’ म्हणून खिजवलं होतं, तेच आता कौतुकाने त्याला देवमासा म्हणायचे. तो कायम झाला. आणि मी... पहिल्या बोटीने जायचं माझं काम संपलं होतं. तरी मी रोज जायची. विचारलं तर हवामान जवळून बघायला, असं सांगायची. कोणी विचारलं नाही, हेच जास्त लाजवणारं होतं.

हिवाळा सरत आला. राजहंस आले तसे एका सकाळी उठून गेले. वारा फिरला. एका रविवारी आम्ही दोघं धक्क्याजवळच्या बांधाच्या टोकाला उभे होतो. त्या दिवशी बोट बंद होती. त्याच्या कोटाच्या खिशात तो छोटा रेडिओ, त्यात बाबा भरतीची वेळ सांगत होते. ऊन कोवळं, समुद्र मोकळा.

पिल्लाची आईही त्याच दिवशी निघाली. बांधापासून थोड्या अंतरावर पाठ वर आली, मग तिच्या शेजारी दुसरी, आता तेवढी लहान नाही. दोन फवारे, एक मोठा, एक त्याच्याहून थोडासाच छोटा. दोघं खुल्या समुद्राकडे तोंड करून निघाली होती. एवढं मोठं काहीतरी आपल्या घराशेजारी अख्खा हिवाळा राहिलं, आपल्याला श्वास ऐकवला, आणि आता काहीही न मागता निघून चाललं, याला काय बोलणार?

“फोन कर,” तो म्हणाला. “नोंद दे.”

“तू दे. आधी तूच पाहिलंस.”

“मी नाही देणार.” तो पाण्याकडे बघत होता. कान लाल झाले होते, आणि थंडी तर संपलेली. “माझी एक अडचण आहे.”

“कसली?”

“नियमाची. दोघं वेगवेगळ्या घरचे हवेत ना...”

“आहोतच की.”

“हो, आत्ता आहोत. पण मला...” त्याने श्वास घेतला. एवढ्या मोठ्या बोटीला वळवणारा माणूस, आणि शब्द वळवता येईनात. “मला असं वाटतं की ही आपली नोंद धरली जाऊ नये. यापुढची कुठलीच धरली जाऊ नये. तू तुझ्या नियमाची एवढी पक्की, तुला चालेल का, माहीत नाही. मी आपलं विचारतोय...”

माझ्या लक्षात यायला एक क्षण लागला. मग सगळं एकदम लक्षात आलं. दूरवर दोन फवारे उन्हात चमकले.

मी फोन काढला आणि केंद्राचा नंबर लावला. त्याच्या खिशातून बाबांचा आवाज आला, “बोला, काय दिसलं?”

“बाबा, देवमासा निघाला,” मी म्हटलं. “पिल्लू मोठं झालंय. बांधाच्या टोकावरून पाहिलं. पाहणारे दोघं.”

“एका घरचे की वेगळ्या?”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो श्वास रोखून उभा होता, आणि डोळे तसेच, पहिल्या दिवशी दारात पाहिले होते तसे.

“एका घरचे,” मी म्हटलं.

रेडिओ गप्प झाला. इतका वेळ की बॅटरी संपली की काय असं वाटावं. मग बाबा खाकरले. “मग...” त्यांचा आवाज जड झाला होता. “मग ही नोंद धरता येत नाही, बाळ.”

“माहीत आहे, बाबा.”

मी फोन ठेवला. त्याने माझा हात हातात घेतला, दोन्ही हातांनी, आणि आम्ही तसेच उभे राहिलो. खिशातला रेडिओ पुन्हा खरखरला. टेलिफोन वाजल्याचा आवाज आला, आणि मग बेकरीवाल्या काकू.

“मी गच्चीवरून बोलतेय. देवमासा मला काही दिसला नाही बाई, माझे डोळे अधू. पण बांधाच्या टोकावर दोघं उभी आहेत, हातात हात घालून, ती स्पष्ट दिसतायत. पाहणारी मी आणि शिंपीमामा. आम्ही दोघं वेगळ्या घरचे. बोला, धरताय का?”

“धरली,” बाबा म्हणाले.